पाणरेषेच्या खाली

१९७१च्या लढाईत मी बंगालच्या उपसागरात होतो, पण तो उपसागर धड पाहिला तो लढाई संपल्यावर. हे सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय. विक्रांतवर होतो म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे तो लांबरुंद डेक येतो, त्यावरून सुटणारी सी हॉक विमानं येतात, पांढरे गणवेश येतात. मला मात्र आधी आठवते ती एक जाड काच. बॉयलरच्या अंगाला बसवलेली, मागे दिवा लावलेली, आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी. जहाज डोललं की ती पातळी डोलायची. पाणी काचेत दिसतंय तोवर सगळं ठीक. खाली उतरून दिसेनासं झालं तर नळ्या भाजून निघणार. वर चढून दिसेनासं झालं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरणार आणि पात्यांचा चुरा होणार. माझी सगळी लढाई त्या काचेसमोर उभ्याने झाली. मी स्टोकर होतो.

आमचं गाव वाघोटन खाडीच्या काठावर. खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग, आणि अलीकडे गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या आरमाराची जुनी गोदी. घरात कुणी दर्यावर्दी नव्हतं, पण गावातल्या पोरांना मुंबई आणि मुंबईनंतर बोट, एवढंच जग ठाऊक. नेव्हीत भरती झालो तेव्हा वाटलं, आता समुद्र. तर आधी पाठवलं कुठे? लोणावळ्याला! नौदलाचं यंत्रशिक्षण जिथे होतं ते आयएनएस शिवाजी तिथल्या डोंगरात आहे. खाडीकाठचं पोर बोटीवरचं काम शिकायला घाट चढून गेलं, याचं आमच्या वाडीला कितीतरी दिवस हसू येत होतं. तिथल्या पावसाधुक्यात आम्ही वाफ शिकलो. पहिल्याच आठवड्यात उस्तादाने सांगितलं की डोळ्यांना दिसते ती वाफ नव्हे, ती थंड व्हायला लागलेली वाफ. बॉयलरमधून निघणारी चांगली तापलेली कोरडी वाफ दिसतच नाही. पाइपाला बारीक छिद्र पडलं तर नुसता आवाज येतो, आणि तिथे हात गेला तर हात जातो. म्हणून जुने लोक गळती शोधायला झाडूचा दांडा पुढे धरून चालायचे. न दिसणाऱ्या गोष्टीला भ्यायला मी तिथे शिकलो. पुढे फार उपयोगी पडलं.

विक्रांतवर माझा ड्राफ्ट आला तेव्हा ती आजारीच होती. मूळची ही ब्रिटिशांची हर्क्युलीस. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली, युद्ध संपल्यावर अर्धवट पडून राहिलेली. मग भारताने ती विकत घेतली आणि मार्च १९६१मध्ये बेलफास्टला ती विक्रांत झाली. १९६५च्या लढाईत ती मुंबईत गोदीत होती. पाकिस्तानने ती बुडवल्याचं जाहीर केलं, आणि ही इथे कोरड्या गोदीत उभी! जुने खलाशी हा किस्सा हसत सांगायचे, पण हसण्यात एक बोच असायची. लढाई झाली आणि आपण गोदीत होतो, ही गोष्ट खलाश्याला पचत नाही. त्यात १९७०मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमला तडा सापडला. वेल्डिंग मारून भागेल असा तो तडा नव्हता. नवा ड्रम विलायतेहून यायचा होता आणि पूर्वेकडून निर्वासितांच्या बातम्या रोज येत होत्या. शेवटी वरच्यांनी ठरवलं की चारपैकी एक बॉयलर बंद ठेवायचा, उरलेल्या तिघांना जपत जपत जहाज न्यायचं. एरवी २५ नॉट धावणारी विक्रांत निम्म्याच्या आसपास वेगाने पूर्वेला निघाली.

हा निर्णय घेणाऱ्यांच्या हिमतीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे. मला फक्त एवढंच सांगायचंय की त्या निर्णयाच्या शेजारी कुणीतरी रोज उभंही राहत होतं. एका ड्रमला तडा सापडला, बाकीच्यांना नाहीच हे कोण छातीठोकपणे सांगणार? मी एकदा आमच्या पंजाबी चीफला विचारलं, "चीफसाब, फट गया तो?" त्यांनी चहाचा मग खाली ठेवला आणि म्हणाले, "फटेगा तो तुझे पता भी नहीं चलेगा. फिर फिकर किस बात की?" युद्धकाळात मी ऐकलेलं सर्वांत प्रामाणिक भाषण ते हेच.

बॉयलर रूममध्ये शिरायचं तर एअरलॉकमधून. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण आत पंख्यांनी हवा दाबून भरलेली. आत पाऊल टाकलं की कानात टच्च व्हायचं, आणि त्यानंतर चार तास त्या पंख्यांचा अखंड आक्रोश. बोलणं हातांनी आणि ओठांनी. मी आजही समोरच्याचे ओठ बघतो. सूनबाईला वाटतं सासरे टक लावून पाहतात. कठड्याला उघडा हात लावायची सोय नाही, म्हणून हातात कायम वेस्टचा बोळा. घाम इतका यायचा की मिठाच्या गोळ्या खायला लागायच्या. आणि अंगाला, केसांना, उशीला तो फर्नेस ऑइलचा वास. लग्नानंतरही बायको म्हणायची, तुमच्या घामाला तेलाचा वास आहे.

लढाईत खालच्या माणसाचं काम काय, हे मला कुणी नीट विचारलेलं नाही, म्हणून न विचारताच सांगतो. एक, धूर होऊ द्यायचा नाही. भट्टीत हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर पांढरा. आणि भर दुपारी समुद्रावर धुराचं बोट उभं राहिलं तर शत्रूला पत्ता लिहून दिल्यासारखंच. चिमणीतून धूर दिसला की ब्रिजवरून फोनवर आरडाओरडा. नळ्यांवरची काजळी झाडायची ती रात्री, अंधारात. दोन, कॅटापल्टला वाफ द्यायची. डेकवरून विमान फेकणारं ते यंत्र वाफेवर चालायचं, आणि ती वाफ आमची. एक विमान सुटलं की दाबाची सुई झपकन खाली यायची. मग स्प्रेअर वाढवायचे, हवा वाढवायची, पाण्यावर डोळा ठेवायचा. सुई जागेवर येते न येते तोच दुसरं विमान. सुईपाठोपाठ सगळ्या जहाजाच्या हाडांतून एक धक्का जायचा. त्या धक्क्याने कळायचं, गेलं एक.

ती वाफ परत येत नसे. जहाजात फिरणारी बाकीची वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते, पुन्हा बॉयलरमध्ये जाते. कॅटापल्टची वाफ मात्र हवेत गेली ती गेली. आणि बॉयलरला समुद्राचं पाणी चालत नाही. गोडं पाणी जहाजावरच समुद्राचं पाणी उकळून करायचं. त्या पाण्यावर पहिला हक्क बॉयलरचा, दुसरा गॅलीचा, मग पिण्याचा, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या आंघोळीचा. म्हणजे त्या डिसेंबरात चितगावच्या दिशेने जितकी विमानं उडाली, तितकं आमच्या आंघोळीचं पाणी आकाशात गेलं. खाऱ्या पाण्याने धुतलेलं अंग वाळलं की कातडी ताणली जाते. देशासाठी रक्त सांडल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. मी न केलेल्या आंघोळी दिल्या.

लढाई जाहीर व्हायच्या आधी आम्ही नाहीसे झालो. मद्रासहून निघालो आणि उत्तर अंदमानात, पोर्ट कॉर्नवॉलिसच्या आखातात जाऊन बसलो. पूर्व नौदलाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी त्या जागेला नाव दिलं होतं पोर्ट एक्स-रे. तिथे वॉच संपल्यावर आम्हाला वर जायला मिळे. चहूबाजूंनी पाण्यापर्यंत उतरलेलं जंगल, पाणी स्थिर, माणसाचा मागमूस नाही. घरी पत्र टाकायचं नाही. कुठे आहोत ते आम्हालाही सांगितलेलं नव्हतं, पण कोकणातल्या माणसाला झाडांवरून कळतं की हे आपलं नाही.

त्या काळात विशाखापट्टणमला काय चाललं होतं ते मी फार वर्षांनी, कृष्णनसाहेबांच्या पुस्तकात वाचलं. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली होती, ती विक्रांतला शोधायला. म्हणजे मला शोधायला. कृष्णननी आयएनएस राजपूत या जुन्या विनाशिकेला विक्रांतचं सोंग दिलं. विमानवाहू जहाजाला लागेल एवढा शिधा विशाखापट्टणमच्या बाजारातून मागवायचा, म्हणजे बातमी आपोआप फुटते. राजपूतवरून वायरलेसची वर्दळ वाढवायची. आणि त्यातच एक साधी, सांकेतिक नसलेली तार: विक्रांतवरच्या एका खलाश्याने आपल्या अत्यवस्थ आईची विचारपूस केल्याची.

ती तार वाचून मी पुस्तक मिटलं आणि पडवीत जाऊन बसलो. असा खलाशी नव्हता, अशी आईही नव्हती. माझी खरी आई तेव्हा ठणठणीत होती, खळ्यात भात झोडत होती, आणि तिला माझा पत्ता ठाऊक नव्हता. ज्या कुणी ती युक्ती काढली त्याला खलाशी माणूस पुरता कळला होता. तोफांची संख्या, दारूगोळा असल्या खोट्या बातमीवर शत्रू संशय घेईल. आजारी आईवर कोण घेणार? ३ डिसेंबरच्या मध्यरात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी गाझी बुडाली. राजपूतच्या डेप्थ चार्जनी की तिच्याच सुरुंगांनी, यावर दोन्ही देश आजही आपापलं सांगतात. आत ९०हून अधिक माणसं होती. सकाळी मच्छीमारांना पाण्यावर तिचं सामान तरंगताना मिळालं. मला मारायला आलेली ती माणसं मी नसलेल्या ठिकाणी मेली. ही गोष्ट मी आयुष्यभर उलटसुलट करून पाहिली. आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. पण पाण्याखाली, बंद लोखंडात, आवाजावर कान लावून जगणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं आमच्या जहाजावर कुणाला कळत असेल तर ते आम्हा खालच्यांनाच.

४ डिसेंबरला सकाळी माझा फोरनून वॉच होता. अकराच्या सुमारास जहाज वाऱ्याकडे वळलं. फेरे वाढवायचा हुकूम आला. विमान उडवायचं तर डेकवर समोरून वारा हवा, आणि विक्रांतला स्वतःच्या वेगाने पुरेसा वारा करता येत नव्हता, म्हणून आकाशातल्या वाऱ्याची उसनवारी. चीफसाब माझ्या मागे येऊन उभे राहिले. सुई खाली गेली. धक्का. सुई वर. पुन्हा खाली. असं आठ वेळा झालं. आठ सी हॉक कॉक्स बझारच्या विमानतळावर गेली होती. माझ्या वाट्याची पहिली चढाई मी अशी सुईत पाहिली. वॉच संपवून मेसमध्ये आलो तेव्हा सगळे वर छताकडे बघत बसलेले. छतावर डेक. कोण किती उतरली ते सांगत होता, कोण बोटं मोडत होता. आठच्या आठ परत आली. कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबला, कारण आमच्याकडे टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती.

मग चितगाव, खुलना, मोंगला, चालना. दिवसरात्र. बंदरांतली जहाजं, धक्के, तेलाच्या टाक्या. आम्हाला त्यातलं काही दिसलं नाही. मेन ब्रॉडकास्टवर अमुक बोट जळतेय, तमुक गनबोट बुडाली असं ऐकायला यायचं आणि मेसमध्ये आरोळी उठायची. मीही ओरडलो. रात्री बंकवर पडल्यावर मात्र मनात यायचं की त्या बोटींच्या पोटातही इंजिनापाशी कुणीतरी उभं असणार, आणि वर काय चाललंय ते त्यालाही फोनवरूनच कळत असणार.

हे मनात येणं ९ डिसेंबरनंतर फार वाढलं. त्या रात्री दीवजवळ अरबी समुद्रात हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरीला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत खुकरी गेली. १८ अधिकारी, १७६ खलाशी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. आपलं लाइफ जॅकेट त्यांनी दुसऱ्याला दिलं, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे आणि असायलाच हवं. पण लोणावळ्याला माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एक रत्नागिरीकडचा पोरगा खुकरीच्या बॉयलर रूमला होता. त्याला घोरायची सवय होती आणि आम्ही त्याच्या नाकाला चिमटे लावायचो. बातमी आली तेव्हा मी जेवत होतो. मी जेवण संपवलं. वॉचला अर्धा तास होता आणि उपाशी पोटी खाली उतरायचं नसतं. त्यानंतर कितीतरी वेळ मी हिशेब करत राहिलो: नऊ वाजायला आले होते, म्हणजे कुठला वॉच, तो वर होता की खाली. वर असला तरी फरक पडला असता असं नाही. पण एअरलॉकची दोन दारं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

१६ तारखेला ढाक्याला शरणागती झाली. आम्हा स्टोकरना आळीपाळीने वर सोडलं. मी लोखंडी जिने चढून डेकवर आलो, डोळे मिचकावले आणि ज्या उपसागरात आपण लढलो तो पाहिला. मातकट पाणी. किनारा नाही, धूर नाही, काही नाही. एक विमानवाला दाढी करत होता.

गावी गेलो ते पुढे उन्हाळ्यात. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्ग, तिथून होडीने घर. आईने ओवाळलं, पायांवर पाणी घातलं, मग चुलीपुढे बसवून विचारलं,

"लढाईत तू काय केलंस रे झिला?"

"आये, पाणी तापयलंय."

"तां तर मियां रोज तापयतंय," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

नंतर पूर्वी स्टार मिळाला, संग्राम मेडल मिळालं. विक्रांतवरच्या लोकांना दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली. आमचे कॅप्टन स्वराज प्रकाश त्यांपैकी एक. आकाशात गोळ्या खायला जाणाऱ्यांचा तो हक्कच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. किंतु आहे तो सांगणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे शौर्य म्हटलं की ते डोळ्यांना दिसायला लागतं. घोडा लागतो, तलवार लागते, निदान विमान तरी. जो माणूस चार तास एका काचेकडे बघत उभा राहतो, आणि पुढचे चार दिवसही तेच करतो, आणि तडा गेलेल्या ड्रमची गोष्ट ठाऊक असूनही वॉचला एक मिनिट उशीर करत नाही, त्याचं काय करायचं हे आपल्या पोवाड्यांना कळलेलं नाही.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली. मग ती मुंबईत तरंगतं संग्रहालय झाली. नातवाला घेऊन गेलो होतो. त्याने विमानांपुढे फोटो काढून घेतले. आपण खाली जाऊ म्हटलं तर जिन्याला साखळी लावलेली. २०१२मध्ये संग्रहालयही बंद झालं आणि २०१४मध्ये दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले. मी बघायला गेलो नाही. बजाजने त्या लोखंडाचा अंश घालून मोटारसायकल काढली, ती आमच्या वाडीतल्या एका पोराने घेतली आणि मुद्दाम मला दाखवायला आला. "काका, तुमची विक्रांत!" मी विचारलं, "यात लोखंड कुठलं, डेकचं की बॉयलरचं?" तो गोंधळला. म्हटलं, जाऊ दे, अ‍ॅव्हरेज किती देते?

२०२२मध्ये कोचीला नवी विक्रांत नौदलात आली. तिला चार गॅस टर्बाइन आहेत. वाफ नाही, बॉयलर नाही, म्हणून स्टोकरही नाही. चांगलंच झालं. माझ्यासारखे आता थोडे उरलेत. तुमच्या गावात, तुमच्या चाळीत असा एखादा नेव्हीतला म्हातारा असेल तर त्याला लढाई कशी दिसत होती हे विचारू नका. कुठल्या बॉयलरला होतात, हे विचारा. उत्तर लांबेल, तेव्हा वेळ काढून जा. आणि बसाल ते त्याच्या समोर बसा, म्हणजे त्याला तुमचे ओठ दिसतील.